पाच मिनिटांची खाडी

केंद्रप्रमुख म्हणजे नक्की कोण, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. मी शाळेत शिकवत होते तोवर त्यांना सांगायला सोपं होतं. "आमची सून मास्तरीण आहे," एवढं म्हटलं की काम भागायचं. मला बढती मिळाली आणि त्यांची पंचाईत झाली. मग त्या शेजारणींना सांगायला लागल्या, "आता ती शिकवत नाही. जे शिकवतात त्यांच्याकडे जाऊन बघून येते." आणि वर आवाज खाली आणून पुस्ती, "पगार मात्र चालू आहे हो!"

माझ्या कामाची इतकी नेमकी व्याख्या मला नंतर एकाही प्रशिक्षणात ऐकायला मिळाली नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आसपासच्या दहा-बारा सरकारी शाळांचं मिळून एक केंद्र होतं आणि त्या केंद्राचा प्रमुख तो केंद्रप्रमुख. प्रमुख म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर केबिन येते, फिरती खुर्ची येते, घंटी दाबली की धावत येणारा शिपाई येतो. माझ्याकडे एक खांद्याची पिशवी होती, एक छत्री होती आणि ह्यांची जुनी गाडी होती, जी चढावर ढकलावी लागायची. काम काय, तर वरून आलेलं परिपत्रक खाली पोचवायचं आणि खालून आलेली बोंब वर पोचवायची. वरचे म्हणणार, "मॅडम, तुमच्या शाळा ऐकत नाहीत." खालचे म्हणणार, "बाई, तुमचे साहेब ऐकत नाहीत." इकडे आड तिकडे विहीर असं म्हणतात ना, त्या दोहोंच्या मधल्या काठावर माझी निम्मी नोकरी गेली.

हा पेशा मी घेतला तो वडिलांमुळे. आमच्या बौद्धवाडीतले ते पहिले शिक्षक. स्वतः शिकायला त्यांना किती ठिकाणी उंबऱ्याबाहेर थांबावं लागलं होतं ते ते कधी रडून सांगायचे नाहीत, पण मला नोकरी लागली त्या दिवशी एक वाक्य बोलले. "शाळेत जायची वाट बंद होऊ देऊ नकोस. आतलं पोरं बघून घेतात." हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढे जे सगळं चिखलात झालं त्याच्या मुळाशी हेच होतं.

पण आधी कुंड्यांची गंमत सांगते, म्हणजे धोरण वरून निघतं आणि खाली येईपर्यंत त्याचं काय होतं ते तुम्हाला कळेल.

एका वर्षी आदेश आला की प्रत्येक शाळेने परसबाग करावी आणि फोटो पाठवावा. कल्पना उत्तम. मुलांनी माती हातात घ्यावी, भाजी लावावी, तीच दुपारच्या खिचडीत पडावी. फक्त माझ्या केंद्रातल्या अर्ध्या शाळा सड्यावर, म्हणजे नुसत्या कातळावर. तिथे पहार मारली तर पहार वाकते. पण फोटो तर पाहिजे! तीन शाळांचे फोटो आले आणि तिन्ही बागा काय बहरलेल्या! मी कौतुकाने फोटो मोठा करून बघितला. तिन्ही बागांत एकच कानतुटकी कुंडी आणि कुंडीच्या मागे बसलेलं एकच भुरं मांजर. चौकशी केल्यावर कळलं की एका शिक्षकांच्या घरच्या कुंड्या रिक्षात घालून शाळोशाळी फिरल्या होत्या. "अहो, पण मांजर का नेलंत?" मी विचारलं. "नेलं नाही बाई, ते कुंड्यांना सोडत नाही, आपणच रिक्षात बसतं," ते म्हणाले. त्या महिन्यात त्या मांजराच्या शाळाभेटी माझ्यापेक्षा जास्त झाल्या होत्या.

तर असं. धोरण करणारा वाईट नसतो, ते पाळणारा लबाड नसतो, मधे कातळ असतो एवढंच.

आता मुख्य गोष्टीवर येते.

कमी पटाच्या शाळा बंद करून जवळच्या मोठ्या शाळेत घालायच्या, असं वारं वाहायला लागलं तेव्हाची ही गोष्ट. आमच्या कोकणात माणसं मुंबईला आणि घरं इकडे, त्यामुळे वाडीवाडीच्या शाळांत मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. आणि खरं सांगते, वरच्यांचं म्हणणं सगळंच खोटं नव्हतं. चार इयत्ता मिळून सहा-सात पोरं आणि एक शिक्षक. खेळायला कबड्डीचा एक संघही होत नाही. दुसरीत एकच मुलगी असेल तर तिचा वर्गात पहिला नंबरही तिचाच आणि शेवटचाही तिचाच. मोठ्या शाळेत सोबत मिळते, बाकं मिळतात, दोन-तीन शिक्षक मिळतात. हे सगळं मला पटत होतं. प्रश्न एकच होता. तिथे पोचायचं कसं?

माझ्या केंद्रात खाडीकाठी तरवाडी नावाची वाडी. चौथीपर्यंतची शाळा, खेडेकर गुरुजी एकटे शिकवणारे. खाडीच्या पलीकडे मोठं गाव, तिथे आठवीपर्यंतची मोठी शाळा. तरवाडीचे लोक त्या गावाला नुसतं 'पैलाड' म्हणतात. नकाशावर दोन शाळांमधलं अंतर करंगळीच्या नखाएवढं. त्यामुळे तरवाडीची शाळा बंद करायच्या शाळांच्या यादीत अगदी वर.

नकाशात खाडी निळ्या रंगात दाखवतात. ती निळी नेहमीच नसते. आमच्या खाडीकाठच्या माणसांकडे दोन घड्याळं असतात, एक भिंतीवरचं आणि एक पाण्याचं. पाण्याचं घड्याळ रोज पाऊण तासभर मागे पडतं. भरती असली की होडी थेट पायरीला लागते आणि बोलता बोलता माणूस पैलाड पोचतो. ओहोटी असली की पाणी मधल्या चिंचोळ्या पन्ह्यात, म्हणजे खोल धारेत, जाऊन बसतं आणि दोन्ही काठांना उरतो गुडघाभर चिखल. मग चिखल तुडवत होडीपर्यंत जा, होडीतून उतरून पुन्हा चिखल तुडवा. आणि चालत वळसा घालून जायचं तर आधी पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून सड्यावर जायचं, तिथून एसटीची वाट बघायची. एसटी आली तर आली.

ही बातमी वाडीत पोचल्यावर सगळ्यात आधी मला गाठलं शेवंताने. शेवंता ओहोटीला खडकावर कालवं काढणारी बाई. कोयत्याच्या टोकाने शिंपला फोडून कालव बाहेर काढायची, तशीच बोलायची.

"बाई, दीपाली माजी घरात बसली ती तुमाला ठाव हाय," ती म्हणाली. "पाचवीला पैलाड घातली, सहावीत बसली घरात. आता सायली दुसरीला हाय. इथली शाला बंद केलात तं ती बी बसंल. मी ओहोटीला कालवांवर असते. तिला खांद्यावर घेऊन चिकल कोन तुडवंल? तुमी?"

दीपाली तिच्या मागे उभी होती. अकरा-बारा वर्षांची, आईची टोपली डोक्यावर, पायाला कोरडा चिखल. माझ्याकडे बघून हसली आणि टोपली सावरली.

मी वर बोंब पोचवली. एकदा, दोनदा, तीनदा. शेवटी वरून उत्तर आलं की तालुक्याचे शिक्षणाधिकारी साहेब स्वतः येऊन अंतर बघतील. साहेब घाटावरचे, तरुण, हुशार. वाईट माणूस मुळीच नव्हे, उलट इतर कुणी आलं नसतं, ते आले. फक्त वेळेचे फार काटेकोर. त्यांनी दौरा कळवला तो असा : सकाळी तरवाडीच्या शाळेला भेट, नंतर दुपारी तीन वाजता पैलाडच्या शाळेत केंद्रातल्या सगळ्या मुख्याध्यापकांची सभा. खाली ठळक अक्षरात, 'उशिरा येणाऱ्यास सभेत प्रवेश दिला जाणार नाही.'

मी तरवाडीला निरोप धाडला की साहेब येताहेत, नीट तयारीत राहा. हाच निरोप भोवला.

तरवाडीच्या शाळा समितीचे अध्यक्ष बापू. पाहुणा आला की बापूंच्या अंगात येतं. साहेब येणार म्हटल्यावर त्यांनी वाडी नुसती उठवली. पायऱ्या घासल्या. इब्राहिमचाचा म्हणून आमचा होडीवाला आहे, त्याच्या वल्ह्यांच्या होडीला चक्क भाड्याचं मशीन लावलं. होडीत गादी टाकली, गादीवर पांढरी चादर, डोक्यावर छत्री धरायला माणूस. आणि एवढं करून बापूंनी पंचांगात बघून भरतीची ऐन वेळ काढली आणि साहेबांना पैलाडहून बरोबर त्या वेळेला होडीत बसवलं!

मी तरवाडीच्या पायरीवर उभी होते. साहेबांची होडी आली ती अशी, की राजे लोकसुद्धा तसे आले नसतील. बुटाला पाण्याचा थेंब नाही. साहेब पायरीवर उतरले, मनगटावरच्या घड्याळात बघितलं आणि प्रसन्न हसले.

"मॅडम, पाच मिनिटं! तुम्ही तर फार अडचण सांगत होता. आमच्या गावाकडं पोरं याच्या चौपट चालत जातात."

मागे वळून बघते तर बापू छाती पुढे काढून उभे, जणू खाडी त्यांनीच खणली.

साहेब गुरुजींबरोबर वर्ग बघायला गेले तशी मी बापूंना शाळेच्या मागे पडवीत खेचलं. "बापू, काय केलंत हे?"

"काय केला? साहेब खूश हाय की."

"अहो, खूश आहे म्हणूनच! शाळा लांब आहे हे दाखवायचं होतं. तुम्ही त्याला पाच मिनिटांत गादीवर लोळवत आणलंत!"

"मग काय बुडवून आणू? पाव्हना हाय तो!" बापूंना माझं बोलणं खरोखरच कळेना. पाहुण्याला चिखलातून आणायचं ही कल्पनाच त्यांच्या डोक्यात बसत नव्हती. मग हळूहळू उजेड पडला, चेहरा उतरला आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "आयला! ह्ये म्हंजे आमीच आमची शाला बुडवली म्हना की."

शेवंता भांडी घासत ऐकत होती. तिने नुसतं खाडीकडे बघितलं आणि म्हणाली, "पानी उतरायला लागला हाय. साहेबाची जीप पैलाड हाय ना? त्याला परत जावाच लागंल. जेवान घाला त्याला. सावकाश."

बाई गं, सरळ सोपं! आणलं भरतीने, परत नेऊ ओहोटीने. साहेबांना फक्त दोन-तीन तास थांबवायचं होतं. आणि पाहुण्याला थांबवणं हे तरवाडीचं हातखंडा काम.

पहिली अडचण तिथेच आली. साहेब शाकाहारी निघाले. बापूंनी कोंबडी आणली होती, शेवंताने कालवांचं आंबट शिजत घातलं होतं. आंबट तसंच झाकून ठेवलं. कोंबडीचं आयुष्य वाढलं, आणि बायका काळ्या वाटाण्याची उसळ नि वडे करायला नव्याने बसल्या. त्यात आपसूक एक तास गेला. देव पाठीशी असला की असा असतो.

उरलेला वेळ बापूंनी भरून काढला. बापू स्वागताला उभे राहिले की बायका भात चढवून येतात, अशी त्यांची ख्याती. त्या दिवशी तर मी त्यांच्या कानात सांगितलं होतं, "बापू, आज तुम्हाला कुणी चिठ्ठी देणार नाही." मग काय! त्यांनी वाडीच्या स्थापनेपासून सुरुवात केली. ग्रामदेवता झाली, पालखीचा मान झाला, मुंबई मंडळ झालं, खांब पडून वीज गेलेलं वादळ झालं. मग शाल, मग नारळ. मग पोरांची गाणी. सहा पोरं, पण प्रत्येकाला एकट्याने म्हणायचं होतं. सायलीने समुद्राची कविता म्हटली आणि मधे विसरली म्हणून पुन्हा पहिल्यापासून म्हटली. तिला कुणी सांगितलं नव्हतं हो, ती खरोखरच विसरली.

साहेब घड्याळात बघत होते, पण वड्यांवर ताव मारलेला माणूस फार जोरात रागावू शकत नाही. अखेर ते उठले. "चला मॅडम, पाच मिनिटांत पोचू. सभा तीनला आहे."

"हो साहेब," मी म्हटलं.

आम्ही पायरीवर आलो. साहेब थांबले. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मला वाटतं आपण चुकीच्या जागी आलो अशी त्यांची समजूत झाली असावी. सकाळी जिथे पाणी चमकत होतं तिथे काळाकरडा चिखल, त्यात खेकडे फिरताहेत, बगळे टिपताहेत. लांब मधल्या पन्ह्यात इब्राहिमचाचाची होडी, बाहुल्यांच्या खेळातली वाटावी एवढी.

"पाणी कुठं गेलं?" साहेबांनी विचारलं.

"समुद्रात," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार!

त्यांनी चाचाला हाक मारली, "होडी इकडं आणा!" चाचाने तिथूनच दोन्ही हात वर केले आणि ओरडला, "साहेब, होडी माजी हाय, पानी अल्लाचा हाय!"

ड्रायव्हरला फोन करून जीप सड्यावर बोलवावी म्हटलं, तर तरवाडीत फोनला रेंज नाही. साहेबांनी एक दीर्घ श्वास घेतला, खाली बसून बूट काढले, मोजे त्यात खुपसले, पँट दुमडली. त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल आदर वाटला हे कबूल करायला पाहिजे. नाहीतर तिथेच थांबून आमच्या नावाने खडे फोडणारे साहेब मी पाहिलेत.

शेवंता आणि दीपाली तशाही कालवांवर निघाल्या होत्या, त्या आमच्याबरोबर खाली उतरल्या. मी पदर खोचला. पहिल्या दहा पावलांत साहेबांचा एक पाय रुतला, तो काढताना दुसरा रुतला, आणि मग ते अगदी संथपणे, कुणी सतरंजीवर बसावं तसे चिखलात बसले. चाचा लांबून ओरडला, "बसू नका साहेब, मग उटवत नाय!" मला हसू आवरेना. तोंड दाबून हसताना माझाही तोल गेला आणि मी साहेबांच्या शेजारी. शासनाचे दोन प्रतिनिधी एकाच वेळी जमिनीवर आले म्हणायचे.

शेवंताने एका हाताने मला, एका हाताने त्यांना ओढून उभं केलं. साहेब धापा टाकत म्हणाले, "मुलं रोज अशी जातात?"

"रोज नाय साहेब," शेवंता म्हणाली. "जाताना पानी असला तं येताना चिकल. जाताना चिकल असला तं येताना पानी. दोनी वेळेला पानी असा काय शालेच्या टायमात गावत नाय."

साहेब मनातल्या मनात हिशेब करत असावेत. मग त्यांचं लक्ष पुढे चालणाऱ्या दीपालीकडे गेलं. आज शाळेचा दिवस आणि ही इथे टोपली घेऊन, हे त्यांना तेव्हा जाणवलं.

"बाळ, तू का जात नाहीस शाळेत?"

"जात होते ना," दीपाली म्हणाली. तिच्या आवाजात गाऱ्हाणं अजिबात नव्हतं. "चिकल असला की उशीर व्हायचा. उशीर झाला की हेडसर भाईर उभं करायचे. सगल्यांनाच करतात, मलाच नाय. मग म्हटलं, भाईरच उभं ऱ्हायचा तं आपल्या घराच्या भाईर उभं ऱ्हावया. आयची कालवं तरी व्हतात."

माझं हसू कुठल्या कुठे पळालं. वडिलांचा उंबरा आठवला, आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. हात चिखलाचे, त्यामुळे पुसताही येईना.

चाचाने आम्हाला होडीत ओढून घेतलं. पन्हं ओलांडायला खरंच थोडाच वेळ लागला. मग पैलाडचा चिखल. साहेब म्हणाले, "दीपाली, शाळेपर्यंत चल माझ्याबरोबर." शेवंताने मान डोलावली आणि ती तिकडच्या खडकांकडे गेली. तिला ओहोटी चुकवून चालण्यासारखं नव्हतं.

पैलाडच्या शाळेत पोचलो तेव्हा तीन केव्हाच वाजून गेले होते. वर्गात खेडेकर गुरुजी सोडून केंद्रातले सगळे मुख्याध्यापक टेबलाभोवती बसले होते, समोरचा चहा गार झाला होता. आम्ही अंगणातल्या नळावर पाय धुतले, पण कपड्यांचं काय करणार! दारात उभी राहिलेली आमची ती वरात बघून सगळे दचकून उठले. तिथले हेडसर धावत आले. "या साहेब, या, आत या."

साहेब उंबऱ्याशीच थांबले. "नको. मी उशिरा आलोय."

"अहो, तसं काय साहेब..."

"उशिरा येणाऱ्याला प्रवेश नाही, असं मीच कळवलंय ना?" असं म्हणून ते शांतपणे दाराबाहेर, भिंतीला पाठ लावून दीपालीच्या शेजारी उभे राहिले.

आता आली का पंचाईत! साहेब बाहेर आणि आपण आत खुर्चीत, हे कुठल्या मुख्याध्यापकाला झेपणार? हेडसर बाहेर येऊन उभे राहिले. त्यांच्या मागोमाग दुसरे, मग तिसरे. शेवटी सगळेच पडवीत भिंतीला पाठ लावून रांगेने उभे, वर्ग रिकामा. मुलं खिडक्यांतून डोकी काढून बघत होती, आपल्या सरांना कुणीतरी बाहेर उभं केलंय हे दृश्य त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. ती सभा पडवीतच झाली, आणि लवकर झाली, कारण उभं राहिल्यावर कुणी फार बोलत नाही.

शेवटी साहेबांनी हेडसरांना विचारलं, "ही तुमची विद्यार्थिनी ना?"

"होती साहेब."

"आहे," साहेब म्हणाले.

तरवाडीची शाळा वाचली. साहेबांनी अहवालात काय लिहिलं ते मी वाचलेलं नाही, पण शाळेचं नाव बंद करायच्या शाळांतून निघालं आणि बापूंनी ती आयुष्य वाढलेली कोंबडी त्या आनंदात कापली. सगळं गोड झालं असं मात्र नाही. माझ्या केंद्रातल्या सगळ्या शाळांना खाडी नव्हती. सड्यावरच्या दोन शाळा पुढे बंद झाल्याच. त्यांतली पोरं कुणी मोठ्या शाळेत रमली, कुणी मुंबईला मामाकडे गेली. एकीचं आता काय चाललंय ते मला कळलेलं नाही, आणि ते मला टोचतं. तिच्यासाठी कोणाला चिखलात बसवायला हवं होतं ते मला सुचलं नाही.

आणि धोरण? ते सुधारलं, म्हणजे अगदीच सुधारलं. साहेबांनी इतक्या कळकळीने वर सांगितलं, की पुढच्या वेळी शाळांची माहिती मागवली तेव्हा एक नवीन रकाना होता : 'ओहोटीच्या वेळी शाळेत पोचण्यास लागणारा वेळ.' माझा ऊर भरून आला. संध्याकाळी फोन वाजला. घाटावरच्या एका दुष्काळी तालुक्यातले केंद्रप्रमुख, प्रशिक्षणात ओळख झालेले. आवाज अगदी रडकुंडीला आलेला. "मॅडम, तुम्ही समुद्राकडच्या. जरा सांगता का, आमच्याकडं ओहोटी किती वाजता असते? माहिती उद्याच द्यायचीय."

"शून्य लिहा," मी म्हटलं.

"शून्य लिहिलं की अर्ज पुढं सरकत नाही ओ!"

शेवटी त्यांनी काय लिहिलं मी विचारलं नाही. कानतुटक्या कुंडीचे दिवस आठवले आणि पुष्कळ हसले.

त्याच वर्षी, निवृत्तीच्या आधी, मी पैलाडच्या शाळेला शेवटची भेट द्यायला गेले. सहावीच्या वर्गात मागच्या बाकावर बसले होते. हेडसर स्वतः गणित घेत होते. फळ्याच्या कोपऱ्यात नेहमी तारीख-वार असतो ना, त्याच्या खाली आता आणखी एक ओळ असते : 'तरवाडी' आणि पुढे त्या दिवशीची वेळ. चाचा आदल्या दिवशी पाणी बघून सांगतो, सर लिहितात. तेवढं उशिरा आलेलं तरवाडीचं पोर उशिरा आलेलं धरत नाहीत, आणि चुकलेला धडा सर मधल्या सुट्टीत बसवून घेतात.

तास अर्धा होऊन गेला होता. दारात दीपाली आली. परकर भिजलेला, दप्तर डोक्यावर धरून आणलेलं. आणि सवयीने, कुणी काही न सांगता, ती वळली आणि बाहेर भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

वर्गातली सगळी पोरं सरांकडे बघायला लागली. सरांनी खडू खाली ठेवला. फळ्याच्या कोपऱ्यात बघितलं, भिंतीवरच्या घड्याळात बघितलं.

"दीपाली, बाहेर का उभी?" ते म्हणाले. "वेळेच्या आधी आलीस आज. ये, आत बस."